सवलत आणि बचत
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात जुहू येथे दिलेले भाषण)



ज्याने उभा जन्म मुलांना पाढे आणि त्रैराशिक शिकविण्यात घालविला, अशा माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शिक्षकास चालक मंडळींनी ‘ऑनलाइन खरेदी आणि काटकसर’ या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम संकोचलो. परंतु विचारांती ध्यानात आले की, हा विषय यंत्राचा नसून हिशेबाचा आहे; आणि हिशेबाविषयी चार शब्द सांगण्याचा अधिकार निवृत्तीनंतरही शिक्षकाकडे राहतो.

घरबसल्या दूरची वस्तू मागविणे आपणांस नवे नाही. आज आपण ज्या जुहूत जमलो आहोत, तेथल्याच विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. त्या टपालाच्या भरवशावर आपल्या वडीलधाऱ्यांनी व्ही. पी.ने पुस्तके मागविली, घड्याळे मागविली. त्या व्यवहारात एक मोठा गुण होता. पत्र लिहावयाचे, ते पेटीत टाकावयाचे आणि मग वाट पाहावयाची. तेवढ्या अवधीत निम्म्या इच्छा आपोआप विरून जात. आज इच्छा आणि खरेदी यांच्यामधील ते अंतर नाहीसे झाले आहे. माझे सांगणे एवढेच की, ते हरवलेले अंतर आपण आपल्या हाताने पुन्हा निर्माण केले पाहिजे. खरी बचत तेथे आहे. सवलतीच्या आकड्यात नाही.

प्रथम माझीच फजिती सांगतो. गेल्या दसऱ्याच्या सुमारास मोबाइलच्या पडद्यावर मला एक मिक्सर दिसला. ५,९९९ हा आकडा खोडून त्यापुढे २,४९९ लिहिलेले. खाली ‘फक्त २ शिल्लक’ अशी सूचना आणि शेजारी सेकंद मोजणारे उलटे घड्याळ. परीक्षेच्या शेवटच्या पाच मिनिटांत विद्यार्थ्याची जी अवस्था होते, ती माझी झाली. मी पैसे भरले आणि साडेतीन हजार रुपये वाचविल्याची वर्दी स्वयंपाकघरात दिली. आमच्या मंडळींनी शांतपणे विचारले, “जुना मिक्सर बिघडला होता का?” बिघडला नव्हता. म्हणजे वाचले शून्य, आणि निवृत्तिवेतनातून गेले २,४९९. दुसऱ्या दिवशी पाहतो तो तेच घड्याळ पुन्हा उलटे चालू लागलेले, आणि मिक्सर अजूनही ‘फक्त २ शिल्लक’!

मी एकटाच भोळा नव्हतो, हे मला मागाहून कळले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढून त्यांचे १३ प्रकार नमूद केले आहेत. खोटी घाई लावणे हा त्यांतील एक. न मागितलेली वस्तू अगर देणगी हळूच टोपलीत सरकविणे हा दुसरा. आरंभी कमी किंमत दाखवून अखेरच्या पायरीवर निरनिराळे आकार चढविणे हा तिसरा. आणि वर्गणी सुरू करणे सोपे, परंतु बंद करणे महाकठीण, हा चौथा. म्हणून पैसे भरण्यापूर्वी शेवटचे बिल ओळीने वाचावे, जसे आपण वाण्याचे बिल वाचत होतो.

आता थोडे त्रैराशिक. अर्धा किलोचे पाकीट ६८ रुपयांना आणि एक किलोचे १४२ रुपयांना असेल, तर मोठे पाकीट स्वस्त की महाग? ६८ची दुप्पट १३६. म्हणजे मोठे पाकीट ६ रुपयांनी महाग. मोठे ते स्वस्त, हा समज प्रत्येक वेळी पारखून घ्यावा. दुसरे उदाहरण घ्या. सामान ४२० रुपयांचे झाले, घरपोच करण्याचा आकार ४० रुपये, आणि ४९९च्या वर तो माफ. आपण ४० रुपये वाचविण्यासाठी ८५ रुपयांची नको असलेली वस्तू टोपलीत टाकतो. ४६०च्या जागी ५०५ जातात, आणि आपण मात्र समाधानाने निजतो!

तरुण मंडळींना ‘बिनव्याजी हप्त्यां’चा मोह फार. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्ट बजावले होते की, शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. ते व्याज बहुधा वस्तूच्या किमतीत असते, नाही तर रोखीवर मिळू शकणाऱ्या सवलतीत बुडालेले असते; शिवाय हप्ता बांधून देण्याचा आकार आणि त्यावरील कर वेगळाच. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्या आजीबाईंनी हप्त्यांचा जन्म होण्यापूर्वीच सांगून ठेवले आहे.

कमावलेला रुपया चोरास न देणे, हीही बचतच होय. पैसे परत मिळविण्यासाठी यू.पी.आय.चा गुप्त क्रमांक कधीही टाकावा लागत नाही. तो मागणारा भामटाच समजावा. फसगत झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. वस्तू सदोष निघाल्यास २०२०च्या नियमांप्रमाणे विक्री-मंचाच्या तक्रार-अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावयाची व महिन्याभरात निवारण करावयाचे असते. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आता मनाला लागलेली एक गोष्ट सांगतो. या पावसाळ्यात एके संध्याकाळी मी तीस रुपयांची कोथिंबीर आणि लिंबे मोबाइलवरून मागविली. आणणावळ माफ होती. दहा-पंधरा मिनिटांत दाराची घंटा वाजली. दारात नखशिखान्त भिजलेला तरुण उभा होता. मला पाहताच तो वाकला आणि म्हणाला, “सर, ओळखलंत का? मी चौथीत तुमच्या वर्गात होतो.” आमच्या इमारतीची लिफ्ट त्या दिवशी बंद होती, तो चार मजले चढून आला होता. मी त्यास आत बोलाविले, चहा घे म्हटले. तो म्हणाला, “नको सर, पुढची ऑर्डर आहे,” आणि धावत खाली गेला. त्या ‘माफ’ आणणावळीची किंमत कोण देतो, हे त्या दिवशी मला उमगले. माझ्या घरात यादी केलेली असती, तर ते पोर त्या पावसात माझ्या दारी आले नसते.

यावर उपाय काय? तो शोधण्यास लांब जावयास नको. येथून जवळच, जुहू-विलेपार्ले योजनेच्या वसाहतीत, मुंबई ग्राहक पंचायतीचे ‘ग्राहक भवन’ उभे आहे. ही संस्था १९७५ पासून काम करीत आहे. शेजारची काही कुटुंबे एकत्र येऊन आपला संघ करतात, महिन्याच्या गरजेची यादी आधी भरतात, माल घाऊक खरेदी होऊन येतो आणि सभासदच तो आपसांत वाटून घेतात. सवलतीची जाहिरात नाही, उलटे घड्याळ नाही. आहे ती फक्त यादी आणि शेजारधर्म.

आपणही तसेच करावे, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद लावावा. हवी ती वस्तू प्रथम त्यावर लिहावी आणि किमान एक रात्र जाऊ द्यावी. सकाळीही ती हवीशी वाटली, तर आठवड्यातून एकदाच, शक्य तेथे शेजारच्या घरांबरोबर मिळून, मागवावी. जे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे त्याच भावात मिळते, ते पायी जाऊन आणावे. अशा रीतीने एका घराचे महिन्यास २०० रुपये जरी वाचले, तरी शंभर घरांचे वर्षाकाठी २,४०,००० होतात. त्यातला चौथा हिस्सा आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीस मिळाला, तर पुस्तकांवाचून किंवा फीवाचून आपल्यातील एकाही मुलाचे शिक्षण अडू नये. कोणी सांगावे, आमच्या त्या भिजलेल्या विद्यार्थ्यासारखा एखादा पुन्हा वर्गातही परतेल.

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण मी मुलांकडून पाटीवर शेकडो वेळा लिहवून घेतली. आज ती मी स्वतः नव्याने गिरवीत आहे. आपणही गिरवावी, अशी माझी प्रार्थना आहे.