भाचीचं कोण ऐकणार?
हिचकॉकच्या चित्रपटांविषयीची मतमतांतरं

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात, आदल्या रात्री चित्रपट दाखवल्यानंतर केलेलं भाषण.)

काल रात्री आपण 'शॅडो ऑफ अ डाउट' हा १९४३ सालचा चित्रपट पाहिला. दिवे लागले आणि लगेच दोन तट पडले. एक मैत्रीण म्हणाली, "बायकांना मारण्याची करमणूक आपण आपल्याच शिबिरात कशाला दाखवायची?" दुसरी म्हणाली, "करमणूक कसली, हे तर आपल्या घराघरात चालतं." रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला आणि निकाल लागला नाही. आल्फ्रेड हिचकॉकवरून जगभरच्या स्त्रीवादी बायका गेली पन्नास वर्षं अशाच भांडत आहेत. त्यांचं भांडण आज तुमच्यासमोर मांडते आणि मग माझं मत सांगते.

ज्यांनी त्याचं नाव फारसं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. हिचकॉक १८९९ साली लंडनमध्ये जन्मला आणि १९८० साली अमेरिकेत वारला. मूकपटांच्या काळापासून १९७६ पर्यंत त्याने पन्नासच्या वर चित्रपट केले. 'रेबेका', 'रिअर विंडो', 'व्हर्टिगो', 'सायको', 'द बर्ड्‌स' ही त्यातली गाजलेली नावं. आपल्याकडे १९६४ साली वहिदा रेहमानचा 'कोहरा' आला होता. तो 'रेबेका'च्याच कथेवर बेतलेला होता. भीती कशी निर्माण करायची याबद्दल हिचकॉकचं म्हणणं अगदी साधं होतं. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल, आणि टेबलाभोवतीची माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. धोका आपल्याला दिसतोय आणि बाकीच्यांना दिसत नाही, अशी ही अवस्था असते. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

आता पहिली बाजू. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्याच वर्षी लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईंचा एक निबंध 'स्क्रीन' या नियतकालिकात आला. त्यांचा मुद्दा असा की मुख्य प्रवाहातल्या चित्रपटात कॅमेरा पुरुषाच्या नजरेने बघतो. पुरुष बघणारा, बाई बघण्याची वस्तू. त्या वस्तूची भीती वाटली की तिला एकतर देव्हाऱ्यात बसवायचं, नाहीतर शिक्षा करायची. उदाहरणं म्हणून त्यांनी हिचकॉकचे चित्रपट घेतले. 'रिअर विंडो'मध्ये पाय मोडलेला छायाचित्रकार खिडकीत बसून शेजाऱ्यांच्या घरात डोकावत असतो. त्याच्यावर प्रेम करणारी मुलगी शेजारी उभी असते तेव्हा त्याला तिच्यात रस नसतो. ती समोरच्या घरात, धोक्यात, त्याच्या भिंगात येते तेव्हा मात्र तो तिच्याकडे टक लावून बघतो. 'व्हर्टिगो'मधला नायक तर एका जिवंत बाईला स्वतःच्या मनातल्या बाईसारखं बनवायला निघतो. तिचे केस रंगवायला लावतो, कपडे बदलायला लावतो, अंबाडासुद्धा त्याला हवा तसा घालायला लावतो. आणि अखेर ती मरते. या बाजूच्या बायका पुढे 'सायको'मधल्या न्हाणीघरातल्या खुनाकडे बोट दाखवतात. तो प्रसंग पडद्यावर मिनिटभरसुद्धा नाही, पण त्याच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले. १९७२ च्या 'फ्रेन्झी'त बलात्कार आणि खून इतक्या रेंगाळत दाखवला आहे की मला स्वतःला तो पूर्ण बघवला नाही.

दुसरी बाजू १९८८ साली अमेरिकेच्या तानिया मॉडलेस्की यांनी पुस्तक लिहून मांडली. हिचकॉक बायकांचा कैवारी होता असं त्या म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की त्याचे चित्रपट दुटप्पी आहेत आणि त्या दुटप्पीपणातच बायकांना काहीतरी सापडतं. या चित्रपटांतले पुरुष बाईला ताब्यात ठेवायला धडपडतात, कारण ती पूर्ण ताब्यात येत नाही. आणि बाईला काय सोसावं लागतं हेही कॅमेरा दाखवून जातो. 'व्हर्टिगो'च घ्या. ज्या फ्रेंच कादंबरीवर तो आधारलेला आहे, तिच्यात रहस्य शेवटी उलगडतं. हिचकॉकने ते शेवटाच्या बरंच आधी, ज्युडीच्या तोंडून प्रेक्षकाला सांगून टाकलं. त्यामुळे नायक तिला दुकानात नेऊन राखाडी सूट निवडतो तेव्हा आपण तिच्या बाजूने बघतो. 'मी आहे तशी तुला का चालत नाही' हा तिचा प्रश्न आपल्याला टोचतो.

तिसरा एक प्रवाह चित्रपटाच्या जाणकारांचा. अमेरिकेत हिचकॉकला नुसता करमणूकदार मानत. पाच वेळा नामांकन मिळूनही दिग्दर्शनाचं ऑस्कर त्याला मिळालं नाही. फ्रेंच समीक्षकांनी १९५० च्या दशकात त्याला कलावंत ठरवलं. १९६६ साली त्रुफोने त्याच्या मुलाखतींचं पुस्तक काढलं. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. २०१२ साली त्यांनी 'व्हर्टिगो' हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवला. २०२२ च्या कौलात तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. पहिल्या क्रमांकावर आला शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'जान दिएलमन' हा १९७५ चा चित्रपट. त्यात एक विधवा तीन तासांहून जास्त वेळ बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण आवरते. बाईने केलेला चित्रपट या यादीत पहिला येण्याची ही पहिलीच वेळ होती. मल्व्हींचा निबंध आणि हा चित्रपट एकाच वर्षीचे. मान्यता मिळायला सत्तेचाळीस वर्षं लागली.

आता कालच्या चित्रपटाकडे येते. एमा नावाच्या गृहिणीचा लाडका धाकटा भाऊ तिच्याकडे राहायला येतो. भाऊ माहेरचा आनंद घेऊन आला म्हणून ती हरखून जाते. मोठ्या मुलीचं नाव मामाच्याच नावावरून चार्ली ठेवलेलं. मामा तिला अंगठी देतो. हळूहळू भाचीच्या ध्यानात येतं की हा श्रीमंत विधवांना मारून त्यांचा पैसा लुबाडणारा माणूस आहे. जेवणाच्या टेबलावर तो नवऱ्याच्या पैशावर जगणाऱ्या विधवांबद्दल जे विष ओकतो ते सगळे ऐकतात, पण कोणी काही बोलत नाही. पोलीस मागावर असतात, पण दुसराच एक संशयित मरतो आणि ते तपास गुंडाळतात. मग जिन्याची पायरी मोडते. मग गाडीच्या धुराने भरलेल्या गॅरेजमध्ये ती अडकते. घरचे म्हणतात, अपघात. ती आईला सांगू शकत नाही, कारण आई कोलमडेल. शेवटी आगगाडीतून तो तिला ढकलायला जातो आणि स्वतःच पडून मरतो. गावात त्याची मोठी अंत्ययात्रा निघते. भला माणूस होता, असं सगळे म्हणतात. खरं काय ते भाची आणि एक पोलीस, दोघांनाच ठाऊक असतं.

आपल्यापैकी ज्या समुपदेशन केंद्रांत बसतात त्यांना यात नवीन काय आहे? मामा असो, काका असो, आतोबा असोत. मुलगी सांगायला जाते तेव्हा पहिलं वाक्य काय येतं? "आईला कळलं तर ती जगायची नाही." गप्प बसण्याचं ओझं ज्याने गुन्हा केला त्याच्यावर नसतं, जिला कळलं तिच्यावर असतं. टेबलाखालचा बॉम्ब तिला दिसतो आणि बाकीचे आमटी वाढून घेत असतात. मघाशी म्हटलं ती जीव टांगणीला लागण्याची अवस्था प्रेक्षकासाठी दोन तासांची असते. आपल्याकडे येणाऱ्या बाईसाठी ती दहा-दहा वर्षांची असते. हिचकॉकला हे नेमकं कळलं होतं असं मला वाटतं. या चित्रपटाच्या पटकथेवर सॅली बेन्सन आणि त्याची पत्नी आल्मा रेव्हिल यांचीही नावं आहेत, हे विसरू नका. आल्मा लग्नाआधीपासून संकलक होत्या आणि शेवटपर्यंत त्याच्या कामात होत्या.

पण याच माणसाने १९४१ साली 'सस्पिशन' केला. नवरा आपल्याला मारणार असं बायकोला वाटू लागतं. मूळ कादंबरीत तो खरोखरच खुनी असतो. चित्रपटात शेवटी कळतं की तो निर्दोष आहे, तिलाच उगाच संशय आला. हा शेवट आपल्याला हवा नव्हता, असं हिचकॉकने पुढे सांगितलं. ते असो. पडद्यावर जे राहिलं त्याचा अर्थ असा होतो की घाबरलेल्या बाईचं डोकं फिरलेलं असतं. हेच वाक्य आपण पोलीस चौकीत ऐकतो.

आणि १९६४ चा 'मार्नी'. नायक बायकोवर तिच्या इच्छेविरुद्ध जबरदस्ती करतो आणि तरीही चित्रपट त्याला तिचा तारणहार म्हणूनच दाखवतो. पटकथाकार इव्हान हंटर यांनी या प्रसंगाला विरोध केला तेव्हा त्यांना काढून टाकलं आणि जे प्रेसन ॲलन या लेखिकेकडून तो लिहून घेतला. लिहिणारी बाई असली म्हणून प्रश्न सुटत नाही, हेही यातून दिसतं. हा प्रसंग बलात्काराचा की नाही, यावर समीक्षक अजून वाद घालतात. आपण त्यांना हसण्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नवऱ्यासाठी अपवाद ठेवलाच आहे.

'मार्नी'ची नायिका टिपी हेड्रेन. त्याआधी 'द बर्ड्‌स'मध्ये, माळ्यावरच्या प्रसंगात यांत्रिक पक्षी वापरणार असं त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात पाच दिवस त्यांच्या अंगावर जिवंत पक्षी फेकले गेले. शेवटी डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला लावली. हिचकॉकने आपला लैंगिक छळ केला, नकार दिल्यावर करारात अडकवून ठेवून काम मिळू दिलं नाही, असं त्यांनी सांगितलं. १९८३ च्या एका चरित्रात ही हकीकत आली आणि २०१६ साली त्यांनी ती स्वतःच्या आत्मकथनात लिहिली. त्यावर लोक काय म्हणाले? तो मेल्यावर का बोलली? किम नोव्हाक, ईव्हा मेरी सेंट यांनी तर आपल्याला असा अनुभव आला नाही असं सांगितलं. मैत्रिणींनो, या दोघी खोटं बोलत होत्या असं मी म्हणत नाही. एखादा मालक दहा जणींशी सभ्यपणे वागतो आणि अकरावीला छळतो, हे आपण तक्रार समित्यांमध्ये पाहिलेलं आहे. दहा जणींची साक्ष दहा जणींपुरती खरी असते. आणि उशिराबद्दल म्हणाल, तर लैंगिक छळ हा शब्दप्रयोगच अमेरिकेत १९७५ च्या सुमाराला रूढ होऊ लागला. आपल्याकडे विशाखा निकाल १९९७ चा आणि कायदा २०१३ चा. १९६४ साली त्या बाईने तक्रार कुठल्या टेबलावर ठेवायची होती?

आता माझं मत. हिचकॉक स्त्रीद्वेष्टा की स्त्रियांचा जाणता, या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर मागणं सोडून द्यावं. घरातल्या धोक्याची जाणीव त्याच्या काही चित्रपटांत जितकी खरी आहे, तितकी थोड्या पुरुषांच्या कामात सापडते. आणि त्याच्याच कामाच्या जागी एका बाईने सांगितलेलं ऐकणारं कोणी नव्हतं. या दोन गोष्टींची वजाबाकी करायची नाही. चांगला चित्रपट केला म्हणून छळ माफ होत नाही. आणि छळ झाला म्हणून भाचीची गोष्ट खोटी ठरत नाही. त्या गोष्टीवर आपला हक्क आहे, कारण ती आपली आहे.

म्हणून वस्त्यांमध्ये, महाविद्यालयांत हे चित्रपट दाखवायला माझा विरोध नाही. फक्त निवड करून दाखवा. 'फ्रेन्झी' दाखवू नका, तो ज्यांनी सोसलंय त्यांना पुन्हा सोसायला लावतो. 'शॅडो ऑफ अ डाउट' जरूर दाखवा. पण संपल्यावर लगेच चहाला उठू नका. तीन प्रश्न विचारा. या गोष्टीत धोका सर्वात आधी कोणाला कळला? तिने सांगितलं तेव्हा, किंवा सांगायचा प्रयत्न केला तेव्हा, कोणी ऐकलं? आणि गप्प बसण्याची किंमत कोणी मोजली?

चर्चा पंधरा मिनिटं चित्रपटावर चालेल. मग कोणीतरी स्वतःच्या घराबद्दल बोलू लागेल. त्यासाठी तयार राहा. त्या दिवशी समुपदेशक हजर असू द्या, बोलणाऱ्या मुलीसाठी बाजूला एखादी खोली मोकळी ठेवा, आणि ती अठरा वर्षांखालची असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, हे तिला आधीच समजावून सांगा. चित्रपटातल्या भाचीला ऐकायला कोणी नव्हतं. आपल्या कार्यक्रमाला येणाऱ्या मुलीला आपण असलो पाहिजे.

आता बोला. काल ज्या मैत्रिणीने पहिला आक्षेप घेतला तिच्यापासूनच सुरुवात करू.