केटलबेल घरी आणण्याआधी खुबा शोधा

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितलेला आहे: घरच्या घरी केटलबेलचा व्यायाम कसा सुरू करायचा. जिम लांब आहे, ऑफिसमधून यायला उशीर होतो, आणि घरात जागा म्हणाल तर पलंग आणि टीव्हीच्या मधली. अशा लोकांसाठी ही खरंच कामाची वस्तू आहे. एक वजन, एक कोपरा, वीस मिनिटं. पण एक अट आहे आणि आजचा एपिसोड त्या अटीबद्दलच आहे. वजन हातात घेण्याआधी आपला खुबा कुठे आहे ते आपल्याला कळलं पाहिजे.

हसू नका! खुबा हा शब्द आपल्या कानावर पडतो तो आजीच्या ऑपरेशनच्या वेळी. एरवी आपलं सगळं 'कंबर' या एका शब्दात भागतं. कंबर दुखते, कमरेत लचक भरली, जरा कमरेतून वाक. गोंधळ इथेच होतो. 'कमरेतून वाक' म्हटलं की आपण पाठीच्या खालच्या भागातून वाकतो आणि पाठीची कमान होते. केटलबेलला वाकायचं असतं खुब्यातून, म्हणजे मांडीचं हाड जिथे वर जोडलंय त्या सांध्यातून. त्याच्याभोवती नितंबांचे आणि मांडीच्या मागचे दणकट स्नायू आहेत. वजन त्यांनी उचलायचं, पाठीने फक्त ताठ राहायचं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्यासारख्यांचे हेच स्नायू सुस्तावलेले असतात, आणि त्यांचं काम बिचारी पाठ करत असते.

आता ऐकता ऐकता करून बघा. गाडी चालवत असाल तर नंतर. उभे राहा. दोन्ही तळहातांच्या कडा जांघेच्या घडीत ठेवा, जिथे मांडी आणि पोट मिळतं तिथे. आता त्या हातांनी स्वतःला मागे ढकला. ढुंगण मागे गेलं पाहिजे, गुडघे जरासे सैल, छाती आपोआप पुढे झुकेल. समजा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आहेत आणि मागचं दार ढुंगणाने लोटायचंय. तीच हालचाल. मांडीच्या मागे ताण जाणवला की समजा, खुबा सापडला.

हे नीट होतंय का ते तपासायला दोन सोप्या गोष्टी. पहिली भिंत. भिंतीकडे पाठ करून एक वीतभर पुढे उभे राहा आणि ढुंगणाने भिंतीला टेका. जमलं की थोडं पुढे सरका आणि परत टेका. दुसरी झाडूची काठी. ती पाठीवर उभी धरा. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, या तीन ठिकाणी ती टेकलेली पाहिजे. वाकताना यातली एक जरी जागा सुटली, तर पाठ वाकली. दिवसातून दहा-दहा वेळा, चार-पाच दिवस हेच करायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण पाठ दुखावून महिनाभर झोपून राहणं त्याहून कंटाळवाणं आहे.

आता ही वस्तू नक्की काय आहे? केटलबेल मूळची रशियातली. तिकडे तिला गिर्या म्हणतात. बाजारात धान्य तोलायची ती वजनं होती. मोजायचं माप 'पूड', आपल्याकडे कसा मण असायचा तसं. एक पूड म्हणजे जवळपास १६.३८ किलो. म्हणून आजही केटलबेल ८, १६, २४, ३२ किलो अशा मिळतात: अर्धा, एक, दीड, दोन पूड. लोक वजनं तोलता तोलता ती उचलून ताकद दाखवायला लागले आणि त्याचा खेळ झाला.

डंबेलपेक्षा वेगळं काय? डंबेलमध्ये वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं. केटलबेलमध्ये सगळं वजन मुठीपासून लांब, खाली लटकलेलं. म्हणून ती झुलते, आणि झुलताना तुम्हाला ओढते. आपल्या तालमीतला मुद्गल किंवा गदा आठवा, तिथेही वजन हातापासून दूर असतं. तिथे दिशा आणि ताल सांभाळावा लागतो, नुसता दंड फुगवून चालत नाही. इथेही तसंच.

किती किलोची घ्यायची, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. साधारण रूढ सल्ला असा: धडधाकट पुरुषाने १६ किलो, बाईने ८ किलो. अजिबात सवय नसेल तर पुरुषांनी १२ पासून सुरू केलं तरी चालेल, आणि आधीपासून वजनं उचलणाऱ्या मुलींना १२ सहज जमते. १६ ऐकून घाबरू नका. ऑफिसमधला पाण्याचा वीस लिटरचा जार भरलेला असताना वीस किलोच्या वर असतो आणि तो कुणीतरी रोज उचलतोच. उलट फार हलकी घेण्यात वेगळी अडचण आहे. चार किलोची बेल हातांनीच वर जाते, मग खुब्याला काम करावंच लागत नाही आणि चुकीची सवय लागते.

दुकानात जाऊन घेता आली तर उत्तम. हँडलच्या आतून बोट फिरवा. जोडाची धारदार रेघ लागली तर ती घेऊ नका, तळहात सोलून निघेल. दोन्ही हात शेजारी-शेजारी मावतात का बघा. जमिनीवर ठेवल्यावर डुगडुगते का बघा. ओतीव लोखंडाची साधी बेल सगळ्यात बरी. प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट भरलेली स्वस्त पडते, पण तेवढ्याच वजनाला आकाराने मोठी होते आणि पायांच्या मधून जाताना अडते.

घरात जागा बघताना चार पावलं लांब, तेवढीच रुंद मोकळी जागा धरा. समोर टीव्ही, काच किंवा माणूस नको. लहान मुलं आणि मांजर खोलीच्या बाहेर. डोक्यावर वजन नेणारा कुठलाही व्यायाम पंख्याखाली करायचा नाही, ही भारतीय घरांसाठी खास सूचना! पाय अनवाणी किंवा सपाट तळाच्या बुटात. धावायच्या मऊ बुटांत पाय डळमळतो. योगा मॅटवर उभं राहू नका, ती सरकते. बेल खाली ठेवायला मात्र रबराचा तुकडा हवा, फरशीसाठी आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंसाठीही. आणि बेल हातातून सुटली तर ती पकडायला जायचं नाही. पाय मागे घ्या आणि पडू द्या. फरशी बदलता येते, पाऊल बदलता येत नाही.

आता प्रत्यक्ष व्यायाम. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक-एक दिवस सुट्टी. पहिले दोन आठवडे स्विंग करायचाच नाही. मला माहीत आहे, तुम्ही रील्स बघून स्विंगसाठीच बेल मागवणार आहात. थोडं थांबा.

या दोन आठवड्यांत तीन गोष्टी. एक, डेडलिफ्ट. बेल दोन्ही पावलांच्या मधे, घोट्यांच्या रेषेत ठेवा. खुबा मागे न्या, दोन्ही हातांनी हँडल धरा, पाय जमिनीत रोवा आणि उभे राहा. वर आल्यावर नितंब घट्ट. खाली ठेवतानाही खुबाच मागे. पाच वेळा, असे पाच सेट. दोन, गॉब्लेट स्क्वॉट. बेल छातीशी दोन्ही हातांनी धरायची आणि बसायचं. इथे गुडघे चांगले वाकतात, ढुंगण खाली जातं. पाच वेळा, तीन सेट. डेडलिफ्टमध्ये ढुंगण मागे, स्क्वॉटमध्ये खाली. हा फरक अंगात भिनला पाहिजे. तीन, एका हातात बेल धरून हॉलमध्ये चालणं. बाजारातून जड पिशवी आणतो तसं, पण न झुकता. अर्धा मिनिट एका हाताने, अर्धा दुसऱ्या. शरीर वजनाकडे कलू न देणं हाच तो व्यायाम.

तिसऱ्या आठवड्यात स्विंग. बेल पावलांपासून साधारण एक फूट पुढे ठेवा. खुबा मागे, हँडल धरा, बेल थोडी आपल्याकडे कलती करा. आता तिला पायांच्या मधून मागे न्या, गुडघ्यांच्या वरून. हाताचा कोपराखालचा भाग मांडीला लागला पाहिजे. तिथून खुबा झटक्यात पुढे आणा आणि ताठ उभे राहा. बेल आपोआप तरंगत छातीपर्यंत येईल. हात तिला उचलत नाहीत. झोपाळा आठवा: हात म्हणजे दोर, बेल म्हणजे फळी, आणि झोका देणारा खुबा. दोर कधी झोका देतो का?

वर असताना ताठ उभं राहायचं, मागे झुकायचं नाही. तोंडातून 'हुश्श' करून श्वास सोडायचा. बेल खाली येताना लगेच वाकू नका. हात पोटाजवळ येईपर्यंत थांबा, मग खुबा मागे. सुरुवातीला दहा स्विंग, पाच सेट. मधे विश्रांती किती? दम न लागता एक पूर्ण वाक्य बोलता येईपर्यंत. फॉर्म नीट राहिला तर दर आठवड्याला एखादा सेट वाढवा आणि दहा सेटपर्यंत जा. दहा गुणिले दहा, शंभर स्विंग झाले की घाम काय असतो ते कळेल. आणि लक्षात ठेवा, दहावा स्विंग झाला म्हणजे सेट संपला नाही. बेल सपाट पाठीने जमिनीवर टेकेपर्यंत सेट चालूच आहे. बरेच जण नेमके ती ठेवताना लचकतात.

समोर ट्रेनर नाही, मग चूक कळणार कशी? तुमच्या हातात फोन आहे ना! तो बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवा आणि एका सेटचा व्हिडिओ काढा. समोरून नाही, बाजूनेच. मग स्लो मोशनमध्ये बघा. मागे जाताना बेल गुडघ्यांच्या खाली जातेय का? म्हणजे तुम्ही लवकर वाकताय. प्रत्येक स्विंगला खुर्चीत बसल्यासारखे खाली जाताय का? म्हणजे तो स्क्वॉट झालाय. वर आल्यावर पोट पुढे आणि खांदे मागे? म्हणजे पाठ ताणली जातेय. कोड डीबग करताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. इथेही एका दिवशी एकच चूक दुरुस्त करा.

दुखण्याबद्दल स्पष्ट बोलतो. दुसऱ्या दिवशी मांडीचा मागचा भाग आणि नितंब ठणकले तर छान, योग्य माणसं कामावर आली. खांदे आणि दंडच दुखत असतील तर तुम्ही हातांनी उचलताय. पाठीच्या खालच्या भागात टोचलं, कळ पायात उतरली किंवा मुंग्या आल्या, तर त्याच क्षणी थांबा. 'नो पेन नो गेन' वगैरे तिथे चालत नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि आधीपासून स्लिप डिस्क, हर्निया, हृदयाचा त्रास किंवा वाढलेला रक्तदाब असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

काही जण म्हणतील, एवढ्या एका हालचालीसाठी इतका खटाटोप कशाला? कारण ती हालचाल फक्त व्यायामापुरती राहत नाही. गॅसचा सिलिंडर सरकवताना, रेल्वेत सीटखालची बॅग ओढताना, भाच्याला उचलून घेताना आपण रोज वाकतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, तो यात होऊन जातो. पण मला विचाराल तर मोठा फायदा हा, की वाकायचं कसं ते शरीराला एकदा कळलं की तिशीतच 'माझी कंबर जात नाहीये' म्हणत बसायची वेळ टळू शकते. खात्री नाही देत, शक्यता नक्की वाढते.

तर या आठवड्याचा होमवर्क. काहीही ऑर्डर करायचं नाही. रोज भिंत आणि झाडूची काठी, दहा-दहा वेळा. रविवारी बाजूने एक व्हिडिओ काढा. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली, तर बेल मागवा. सुटली, तर अजून एक आठवडा भिंत. भिंत फुकट आहे, आणि तिला कुरिअरने यावं लागत नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये टर्किश गेट-अप बघू. त्याला पण सुरुवातीला वजन नको, मुठीवर एक चप्पल ठेवली की झालं. ती पाडायची नाही, बस. हो, चप्पलच! तेव्हा भेटू. काळजी घ्या, आणि वाकाल तेव्हा खुब्यातून वाका.