करडाचा पहिला दिवस

उस्मानाबादी शेळीला बरेचदा जुळी होतात. दांडगं करडू आधी सडाला लागतं, अशक्त मागे राहतं. त्याला हाताने धरून पाजा. वार पडायची वाट पाहू नका. तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. रोगाशी लढायची ताकद करडाला चिकातूनच मिळते आणि 24 तासांनंतर आतडी ती शोषून घेत नाहीत. अडीच किलोच्या करडाला दिवसभरात 250 मिली चीक तीन-चार वेळा विभागून द्या. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. खाली कोरडं गवत अंथरा, थंडीत गोणपाटाचा आडोसा करा. जंतनाशक आणि लसींचं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या. एकही करडू हातचं जाऊ देऊ नका!