चिठ्ठीतला स्वयंपाक
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, हुंडा, विद्यार्थिवसतिगृह अशा गंभीर विषयांवर विद्वान वक्त्यांची व्याख्याने झाली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, उभी हयात मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात घालविलेले एक सेवानिवृत्त शिक्षक. तेव्हा चिटणिसांची आज्ञा झाली त्या वेळी आम्ही आमच्या आवाक्यातील विषय निवडला. तो विषय म्हणजे स्वयंपाकघर. पुरुष वक्त्याने स्वयंपाकघरावर बोलावे हे काही मंडळींस चमत्कारिक वाटेल. भगिनीवर्गात उमटलेले हसू आम्हांस येथूनही दिसते आहे. परंतु विषय वरवर भासतो तितका हलका नाही, एवढे आश्वासन आम्ही प्रारंभीच देतो.

आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांत आज दोनच माणसे राहतात. मुले नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस, कोणाची परदेशी. ज्या घरात एके काळी रोज दहा-पंधरा पाने मांडली जात, तेथे आज दोन ताटे. अशा घरी ‘दोघांपुरते काय करायचे?’ हे वाक्य एकदा उच्चारले गेले की चूल निम्मी विझलीच म्हणून समजावे. सकाळचेच वरण रात्री, आणि आठवड्याला ठरलेल्या त्याच चार भाज्या. वय वाढते तशी नाकाची शक्ती मंदावते, आणि चवीचा मोठा वाटा तर नाकाकडेच असतो. अन्न बेचव लागते, घास कमी होतो, अंग वाळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. त्यांतही विविध प्रकारचे अन्न खावे या गोष्टीस अग्रस्थान आहे. आणि केवळ शरीराचाच हा प्रश्न नाही. ताटात नवे काही नसले म्हणजे बोलण्यातही नवे काही उरत नाही. दोन माणसे समोरासमोर बसून मुकाट्याने जेवतात आणि उठतात. हे मौन भुकेपेक्षा वाईट.

यावर आम्ही उभयतांनी सुमारे चार वर्षांपूर्वी एक उपाय योजला. घरात तीन-चार पाकपुस्तके होती. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतील कात्रणे होती, सुनेने भ्रमणध्वनीवर पाठविलेल्या कृती होत्या. या सर्वांतील, आमच्या घरी कधीही न झालेल्या पदार्थांची नावे चिठ्ठ्यांवर लिहिली आणि त्या चिठ्ठ्या एका तांब्यात घातल्या. नंतर, शिक्षकच ते, आम्ही नियम केले. ते येथे सांगतो, म्हणजे कोणास अनुकरण करावयाचे झाल्यास सोयीचे पडेल.

पहिला नियम: शनिवारी सायंकाळी एक चिठ्ठी काढावी, म्हणजे रविवारच्या स्वयंपाकासाठी बाजार करता येतो. दुसरा: निघालेली चिठ्ठी नापसंत म्हणून परत टाकू नये. तिसरा: एका रविवारी एकाने शिजवावे आणि दुसऱ्याने कृती वाचून दाखवावी; वाचणाऱ्याने डावास हात लावू नये. चौथा: पहिल्या खेपेस कृतीत आपले शहाणपण मिसळू नये. पाचवा: प्रमाण दोघांपुरते घ्यावे आणि शेजारी साधा वरणभात असावा, म्हणजे पदार्थ बिघडला तरी कोणी उपाशी राहत नाही व अन्नही फुकट जात नाही. सहावा: काय झाले ते वहीत लिहून ठेवावे. या नियमांत तिसरा पाळणे आमच्या सौभाग्यवतींस सर्वांत अवघड गेले. डाव दुसऱ्याच्या हाती देऊन स्वस्थ बसणे ही जन्मभर स्वयंपाक केलेल्या स्त्रीस मोठीच तपश्चर्या आहे.

आता चिठ्ठीच का, असे कोणी विचारील. आपल्या मनाने निवडावयाचे ठरविले तर माणूस ओळखीच्याच वाटेने जातो. आवडीची भाजी, सवयीचा मसाला, यांभोवतीच मन फिरते. शिवाय दोघांत एकाची आवड नेहमी वरचढ ठरते. चिठ्ठीपुढे मात्र दोघेही सारखेच अजाण. संसाराला अनेक वर्षे झाल्यावर नवराबायकोंनी एका बाकावर बसून नवे काही शिकावे, असा योग दुसऱ्या कशाने येणार?

पहिल्याच महिन्यात बंगालचे शुक्तो निघाले. कारले, कच्चे केळे, शेवग्याच्या शेंगा, वांगे, रताळे अशा भाज्यांचा तो मेळ असून शेवटी त्यात थोडे दूध घालावयाचे असते. सौ. म्हणाल्या, “अहो, कारल्यात दूध? असे कोणी घालते का?” चौथा नियम दाखविल्यावर त्यांनी निमूटपणे घातले. दुधाने कारल्याचा कडूपणा जात नाही, परंतु मवाळ होतो. बंगाली गृहस्थ दुपारच्या जेवणाचा आरंभच या कडू पदार्थाने करतो. मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय हे सहा रस आम्ही कितीएक मुलांकडून पाठ करवून घेतले. त्यांतील तिक्त म्हणजे कडू रसास ताटात पहिला मान देणारा प्रांत आपल्याच देशात आहे, याची प्रचीती मात्र त्या रविवारी जिभेने दिली.

पुढे केरळचे ओलन निघाले. कोहळा, लाल चवळी, नारळाचे दूध, हिरवी मिरची आणि कढीपत्ता. वरून चमचाभर कच्चे खोबरेल तेल. हळद नाही, मोहरी नाही, फोडणीच नाही! फोडणीचा चर्र आवाज झाल्यावाचून भाजी झाली असे मानावयास आमचे घर तयार नव्हते. वहीत पहिल्या दिवशी ‘आजाऱ्याचे अन्न’ असा शेरा पडला. परंतु दोन दिवसांनी सौ. आपण होऊन म्हणाल्या, “ते कोहळ्याचे पुन्हा करू या का?” फोडणी नसल्यामुळे कोहळ्याची स्वतःची चव त्यांस प्रथमच कळली होती. ओडिशाची दालमा तर आता आमच्या घरचीच झाली आहे. डाळीतच कच्ची पपई, लाल भोपळा, वांगे शिजवावयाचे आणि शेवटी भाजलेले जिरे व सुकी मिरची यांची पूड वर घालावयाची. कांदालसणीवाचून एका पातेल्यात डाळ आणि भाजी दोन्ही सिद्ध होतात. वृद्ध जोडप्यास याहून सोयीचे अन्न दुसरे नसेल.

दूरच्याच प्रांतांत जावे लागते असे नाही. एकदा खानदेशची कळण्याची भाकरी निघाली. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून त्या पिठाची ही भाकरी करतात व ठेचा आणि कच्चे तेल यांबरोबर खातात. त्या रविवारी शिजविण्याची पाळी आमची होती. भाकरीचा आकार भूगोलाच्या पुस्तकात शोभावा असा झाला, पण पापुद्रा सुटला. सौ. ताटावर बसल्या होत्या; तव्यावरची भाकरी आम्ही थेट त्यांच्या ताटात वाढली. पहिला घास घेऊन त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “तव्यावरची भाकरी ताटात आली की अशी लागते होय!” भगिनींनो, या वाक्याचा अर्थ आपणांस सांगावयास नको. बंधूंनी मात्र घरी गेल्यावर त्यावर जरूर विचार करावा.

आता आक्षेपाकडे वळू. काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात की, घरोघर असे परप्रांतीय पदार्थ होऊ लागले तर ज्ञातीचे म्हणून काय उरेल? आपली आमटी, आपला मसाला, आपली चव, हीच तर आपली ओळख. या भावनेविषयी आम्हांस आदर आहे. सणावारी आणि कुळाचारास आमच्या घरी पिढीजात नैवेद्यच होतो. तथापि आपण ज्यास पिढीजात म्हणतो ते कोठून आले, हे एकदा तपासून पाहावे. एकादशीचेच ताट घ्या. साबुदाणा आज ज्या कंदापासून करतात तो मूळचा अमेरिका खंडातील असून, दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून तामिळनाडूतील सेलम भागात हा धंदा वाढला. शेंगदाणे अमेरिकेचे, बटाटा अमेरिकेचा, रताळे तिकडचेच, आणि हिरवी मिरचीसुद्धा! वास्को द गामा १४९८ साली कालिकतास उतरला व पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले. त्यानंतर या वस्तू हळूहळू आपल्याकडे रुळल्या. ‘बटाटा’ हा शब्दच मुळी पोर्तुगीजांचा. तत्पूर्वी आपले पूर्वज तिखटासाठी मिरी आणि पिंपळी वापरीत. फार काय, ज्या ज्वारी-बाजरीवर महाराष्ट्र पोसला, ती धान्येदेखील काही सहस्र वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली.

याचा अर्थ असा की, कोणा एका खापरपणजीने एके दिवशी तो अनोळखी कंद हाती घेतला, हुंगला, आणि भीतभीत चुलीवर ठेवला. तिने ते धाडस केले नसते तर आपली उपवासाची खिचडी आणि बटाट्याची भाजी कोठली? कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे; त्यात मांड्यांचा उल्लेख येतो आणि इडलीची पूर्वज म्हणावी अशी उडदाची इड्डरिकाही येते. एका राजाच्या ताटात महाराष्ट्र आणि कर्नाटक सुखाने शेजारी बसले होते. नव्याला घरात घेऊन आपलेसे करणे हीच जर परंपरा, तर चिठ्ठी काढणारे जोडपे ती मोडीत नसून चालवीत आहे.

दुसरा आक्षेप पुरुषांच्या मानापमानाचा. त्याचे उत्तर पुराणांतच आहे. नलराजा पाककलेत इतका निपुण की, रूप पालटलेल्या नळाची खूण दमयंतीस त्याच्या हातच्या अन्नावरून पटली. भीमाने विराटाच्या घरी एक वर्ष बल्लव होऊन काढले; तेणेकरून त्याची गदा हलकी झाली नाही. आपल्या लग्नकार्यांत हजार पाने वाढणारे आचारी पुरुषच असतात. मग घरची दोन ताटे वाढताना हात का लाजावा?

बंधुभगिनींनो, येथवर थोडे विनोदाने झाले. आता जे सांगावयाचे ते गांभीर्याने सांगतो. आमच्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांच्या पत्नी निवर्तल्या. दिवसकार्य उरकले, पाहुणे गेले. स्वयंपाकघरात डबे भरलेले होते, पण कोणत्या डब्यात काय आहे हे त्यांस ठाऊक नव्हते. जेवणाचा डबा खाणावळीतून येऊ लागला. एके दिवशी ते आम्हांस म्हणाले, “गुरुजी, पोट भरते हो. पण तिची चिंचगुळाची आमटी गेली ती गेलीच.” ती कशी करावयाची हे ना मुलास ठाऊक, ना सुनेस, कोठे लिहूनही ठेवलेले नाही. बाई गेल्या आणि त्यांच्याबरोबर एक चवही कायमची गेली. आपल्या ज्ञातीची ओळख परप्रांतीय दालम्याने पुसली जाणार नाही. ती अशी, एकेका घरात, न लिहिल्यामुळे पुसली जात आहे.

चिठ्ठ्यांच्या उद्योगातून आम्हांस हे विशेषत्वाने उमगले. एकदा गुजराथचा हांडवा आतून कच्चा राहिला, कारण कात्रणात भांड्याचा आकार आणि आचेचा वेळ यांपैकी काहीच दिलेले नव्हते. ज्या पुस्तकांत मापे नेमकी होती त्यांतील अनोळखी पदार्थसुद्धा पहिल्या खेपेस साधले. मराठीत पाकशास्त्राची पुस्तके जुनी आहेत; रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे. १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ निघाली. वाटी आणि चमचा या घरच्याच मापांनी त्यांनी कृती सांगितल्या, म्हणून नवख्या सुनांनाही ते पुस्तक गुरूसारखे झाले. आणि आपल्या घरच्या कृती पाहाव्यात तर ‘अंदाजाने मीठ’, ‘बेताचे पाणी’, ‘मावेल तेवढे पीठ’! आमची आजी चिपट्यामापट्यांनी मोजीत असे. चार चिपट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, ती जुनी मापे हळूहळू माळ्यावर गेली, आणि आजीचा अंदाज तिच्या हातातच राहिला.

म्हणून मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी आहे. प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या घरची एक कृती वाटी-चमच्याच्या मापाने लिहून मंडळाकडे पाठवावी. सांगणारी घरची वडीलधारी स्त्री असावी आणि मोजून लिहून घेणारा शक्यतो पुरुष असावा. तिने चिमूट टाकण्यापूर्वी त्याने ती चमच्यात मोजावी. जमलेल्या कृती पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापाव्यात. शिवाय त्यांच्या चिठ्ठ्या करून पुढील संमेलनात दाराशी एका घागरीत ठेवाव्यात. जाताना प्रत्येक जोडप्याने एक चिठ्ठी उचलावी आणि येत्या रविवारी तो पदार्थ दोघांनी मिळून करावा. म्हणजे नागपूरच्या घरची चव कोल्हापुरास जाईल, आणि कोणा एकीच्या हातची आमटी ती नसतानाही दहा घरांत शिजत राहील.

आमच्या घरची कृती आम्ही सोबत आणली आहे. ती चिटणिसांच्या स्वाधीन करतो. भोजनाची वेळ झाली आहे याची जाणीव ठेवून आम्ही आपली रजा घेतो.