उंबऱ्यावरचा आकडा



महासंगणक आणि समाजाची माहिती यांच्या बळावर जगापुढचे प्रश्न कसे हाताळावेत, हे बोलायला आपण संशोधक मंडळी दूरदूरून मुळशीतल्या आमच्या भरे गावात आलात, याचा आम्हाला फार आनंद आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. २०११च्या जनगणनेत प्रगणक म्हणून घरोघर फिरलो. एका आजीनं सगळी उत्तरं दिली आणि मी उठायला लागलो तेव्हा तिनं विचारलं, गुरुजी, मागच्या खेपेला लिहून नेलंत, त्याचं काय झालं? मला उत्तर देता आलं नाही. तोच प्रश्न आज आपल्या हवाली करतो.

गावाची मोजदाद आमच्या भागाला नवी नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास केला आणि १९१७ मध्ये तो पुस्तकरूपानं आला. १७७१ साली तिथं एका खातेदाराकडं सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५च्या सुमारास ७ एकर उरली. खातेदार १५६, जमिनीचे तुकडे ७२९, आणि त्यातले ४६३ एकराच्या आतले! कागद, पेन्सिल आणि पायपीट एवढ्याच भांडवलावर वाटण्यांनी शेतीचं काय केलं ते कळलं. आज त्याच पिंपळे सौदागरात संगणक अभियंते राहतात. त्यांच्यापैकी कुणी इथं असेल, तर आपल्या इमारतीखालच्या वावराची ही गोष्ट त्यांनी जरूर वाचावी.

यंत्रांचं सामर्थ्य आपण जाणताच. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०२४ पासून ‘अर्क’ हा महासंगणक आहे, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. २०२५ मध्ये देशाचा पावसाचा अंदाज सहा किलोमीटरच्या चौकोनापर्यंत आला. पूर्वी जिल्ह्याचा पाऊस कळायचा, आता आमच्या शिवाराचा कळू लागेल. भातलावणीच्या दिवसांत याचं मोल काय, ते इथल्या शेतकऱ्याला विचारा.

पण चौकोनात माणसं किती, हे आभाळातून दिसत नाही. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव कोसळलेल्या डोंगराखाली गेलं. गाव नाहीसं झाल्याची पहिली खबर एसटीच्या चालकानं दिली. मला ती गोष्ट अजून झोपू देत नाही. पाऊस, उतार, माती यांच्या जोडीला त्या उताराखाली कुणाची घरं आहेत, त्यांत अंथरुणाला खिळलेलं कोण, बाळंतीण कोण, हे ठाऊक असेल तरच इशाऱ्याचा उपयोग. आणि ते ठाऊक असतं आमच्या आशाताईंना, अंगणवाडीताईंना. त्यांची वही आणि ‘अर्क’ यांची गाठ अजून पडायची आहे.

लोकांनी दिलेली माहिती आणि शास्त्र यांची गाठ पडली की काय होतं, तेही पुण्यानं पाहिलं आहे. २०२०च्या जुलै-ऑगस्टमध्ये पाच प्रभागांतल्या १,६६४ जणांनी रक्ताचे नमुने दिले आणि ५१.५ टक्क्यांच्या शरीरात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली. कसबा-सोमवार पेठेत ३६.१ टक्के, लोहियानगर-कासेवाडीत ६५.४. सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत प्रमाण अधिक. एकाच शहरात साथ कशी वेगवेगळी पसरली, ते दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसापुढं हात धरणाऱ्या लोकांमुळं कळलं. धास्तीच्या त्या दिवसांत त्यांनी हा विश्वास टाकला, हे मी मोठं मानतो.

पण घरोघरची माहिती ताजी हवी, आणि २०२१ची जनगणना तर लांबली. २०११ नंतरची मोजणी आता २०२७ची. तोवर आपली यंत्रं २०११चं गाव धरून हिशेब करणार. ज्या पोरांची नावं मी तेव्हा लिहिली, ती आता हिंजवडीला कामाला जातात, आणि ज्यांनी उत्तरं दिली त्यांतले कितीतरी आज नाहीत.

म्हणून यजमान या नात्यानं एकच मागणं. या गावातून जे लिहून न्याल, ते आमच्या संमतीनं न्या, आणि त्यातून जे निघेल ते मराठीत, ग्रामसभेत येऊन सांगा. चूक निघाली तरी सांगा.

दुपारी इंद्रायणी तांदळाच्या भाताचं जेवण आहे. त्यानंतर आमच्या आशाताई त्यांच्या नोंदवह्या कशा भरतात, ते दाखवायला थांबणार आहेत. नावं झाकून ठेवली आहेत, तेवढं समजून घ्या. या, बसा, आणि त्यांनाही प्रश्न विचारू द्या.