दोन केसांएवढी रेघ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी हस्तकला-प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी छंदशाखेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रदर्शनाच्या दालनात शिरताना डाव्या हातास एक लांबट टेबल आहे. त्यावर भरतकाम नाही, पैठणीचा नमुना नाही, की गडकिल्ल्यांची प्रतिकृती नाही. काचेखाली आगगाडीचे दोन डबे तेवढे ठेवले आहेत. एक रुपेरी आहे व त्यावर लालभडक पट्ट्या आहेत. दुसरा गर्द निळा असून त्यावर सोनेरी रेघा आहेत. प्रत्येक डबा वीतभराहून थोडा अधिक लांब. येणारी बहुतेक मंडळी क्षणभर पाहतात, ‘छान खेळणे आहे’ म्हणतात आणि पुढे जातात. ह्या दोन खेळण्यांपायी आमच्या छंदशाखेच्या पाच-सहा जणांनी चौदा महिन्यांचे रविवार का वेचले, ते सांगण्यासाठी आम्हांस आज हा व्यासपीठाचा मान मिळाला आहे.

प्रथम हे डबे कोणते, ते सांगितले पाहिजे. १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबई आणि पुणे ह्यांच्या दरम्यान ‘डेक्कन क्वीन’ सुरू केली. आरंभी तिच्यासाठी सात-सात डब्यांच्या दोन गाड्या सिद्ध केल्या होत्या. एक रुपेरी, लाल पट्ट्यांची. दुसरी निळी, सोनेरी रेघांची. डब्यांचे खालचे सांगाडे विलायतेहून आले होते, परंतु वरची शरीरे घडली ती माटुंग्याच्या कारखान्यात. दख्खनच्या राणीचा पहिला शृंगार आपल्याच सुतारांनी व रंगाऱ्यांनी केला होता.

आता ह्या गाडीचा आणि आपल्या ह्या दूरच्या नगरीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा, की १९६६ साली ते जुने डबे निवृत्त झाले आणि राणीला जी नवी पोलादी वस्त्रे मिळाली, ती येथून, आपल्या पेरांबूरच्या डब्यांच्या कारखान्यातून गेली. ह्या कारखान्याचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले होते. आपल्या मंडळाच्या संस्थापकांपैकी काही जण नोकरीनिमित्त ह्याच कारखान्याच्या आश्रयाने मद्रासला आले. आपण सुट्टीत रायचूर, सोलापूर, दौंड करीत गावी जात असू. उलट आपल्या माणसांच्या श्रमाने घडलेले डबे येथून निघून पुणेकरांना रोज मुंबईस पोहोचवीत होते. हा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही, म्हणून येथे मांडला.

आम्हां साऱ्यांचे काका त्याच १९६६ साली ह्या कारखान्याच्या रंगशाळेत नोकरीस लागले. त्यांचे वडील माटुंग्याच्या कारखान्यात सुतार होते. काका म्हणतात, “राणीचे डबे मी रंगवले असे कुठे लिहू नका. नव्या पोराच्या हातात तेव्हा फक्त पॉलिश पेपर असे.” आम्ही तसे लिहिलेले नाही. पण छोटे डबे करावयाचे ठरले, तेव्हा १९६६ चे पोलादी डबे नकोत, १९३० चे लाकडी हवेत, हा हट्ट त्यांचाच होता; आणि त्याचे कारण ‘रेघ’ हे होते.

जुन्या डब्याची बाजू म्हणजे एकसंध पत्रा नव्हे. लाकडी चौकटीवर लहान-लहान तक्ते बसवीत आणि दोन तक्त्यांमधला सांधा झाकण्यासाठी वरून उठावाची अरुंद पट्टी ठोकीत. ह्या पट्ट्यांना वेगळा रंग द्यावयाचा आणि त्यांच्या कडेने बारीक रेघ ओढावयाची, ही रीत घोडागाडी रंगविणाऱ्या कारागिरांकडून आगगाडीकडे आली. सांधा लपविण्याच्या गरजेतून निघालेली गोष्ट पुढे सौंदर्याची खूण झाली. लुगड्याच्या काठाचे जसे होते, तसेच. पोलादी डबा जोडकामाने एकसंध झाला, सांधे गेले, त्यांबरोबर पट्ट्या गेल्या आणि रेघही गेली. रंगशाळेत फवाऱ्याचे यंत्र आले. काकांनी नोकरीत जे कसब वडिलांकडून ऐकले पण कधी वापरले नाही, ते निवृत्तीनंतर वीतभर डब्यावर वापरावयाचे त्यांच्या मनात होते.

आता थोडे गणित. आमचे डबे सत्त्याऐंशीपट लहान आहेत. खऱ्या डब्यावर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंदीची रेघ असेल, तर आमच्या डब्यावर ती सुमारे ०.१५ मिलिमीटर व्हावयास हवी. डोक्याचे दोन केस शेजारीशेजारी ठेवावेत, तेवढी. ती जरा जाड झाली, तर डबा तत्क्षणी खेळणे दिसू लागतो. कुंचला कितीही बारीक घेतला, तरी एवढी एकसारखी रेघ त्याने लांबवर ओढता येत नाही. त्यासाठी लागते ती जुन्या नकाशाकारांची रूलिंग पेन. ज्यांनी ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या, त्यांच्यापैकी वडीलधाऱ्यांना कंपासपेटीतली ही दोन पात्यांची, मधे स्क्रू असलेली पेन आठवत असेल. स्क्रू फिरवून पात्यांमधली फट कमीजास्त करावयाची. रेघेची रुंदी तीच ठरविते.

ही पेन रंगात बुडवावयाची नसते. कुंचल्याने रंगाचा एक थेंब दोन पात्यांच्या मधे सोडावयाचा आणि पात्यांच्या बाहेरची बाजू फडक्याने कोरडी पुसावयाची. तेथे रंग राहिला तर तो पट्टीखाली ओढला जातो आणि डाग पसरतो. म्हणून पोलादी पट्टीच्या खालीही पुठ्ठ्याच्या दोन चकत्या चिकटवून ती पृष्ठभागापासून किंचित उचलून धरतात. इनॅमल रंग टर्पेंटाइनने दुधाइतका पातळ करावयाचा. घट्ट राहिला तर पेनमधून उतरत नाही. फार पातळ झाला तर रेघ फुटते. प्रत्येक वेळी आधी काचेच्या तुकड्यावर एक रेघ ओढून पाहावयाची आणि मगच डब्याकडे वळावयाचे. पेन उभी, दोन्ही पाती टेकलेली, आणि हलवावयाचा तो सबंध हात, खांद्यापासून, बोटे नव्हेत. कोपऱ्याची गोलाई आधी काढावयाची आणि सरळ रेघ तिला नंतर आणून मिळवावयाची. कारण सरळ रेघ गोलाईला जोडणे सोपे, गोलाई सरळ रेघेला जोडणे महाकठीण. आडव्या रेघा पुऱ्या वाळल्याखेरीज उभ्यांना हात लावावयाचा नाही.

हे सारे रेघेचे झाले. परंतु रेघ बसावयाची ती रंगावर. साबणाच्या पाण्याने धुतलेल्या कोऱ्या अंगावर अस्तराचा एक पातळ हात, त्यानंतर रंगाचे तीन पातळ हात आणि दोन हातांच्या मधे पाण्यात भिजविलेल्या पॉलिश पेपरने अलगद घासणे. रंग चकचकीतच हवा. निस्तेज पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत असतो. त्यावर पेन अडखळते. रुपेरी रंग तर महामानी. त्यास बोटाचा ठसाही सहन होत नाही, म्हणून डबा आतून लाकडी ठोकळ्यावर बसवून ठोकळाच हाती धरावा लागतो. सोनेरी रेघेसाठी आम्ही आधी सोनेरी रंग आणला. त्यातले धातूचे कण पेनच्या फटीत अडकू लागले आणि जी रेघ उतरली, तीही दाणेदार. काकांनी पिवळ्यात थोडी गेरूची छटा आणि किंचित पांढरा मिसळला. ती रेघ निळ्यावर पडली आणि हातभर अंतरावरून सोन्याची दिसली. खरे सोने लहान प्रमाणात खोटे दिसते आणि मातीचा रंग खरा दिसतो, हा धडा आम्हांस पेनच्या टोकावर मिळाला.

आता अपराधाची कबुली. निळ्या डब्याच्या दोन्ही बाजूंवरील रेघा काकांनी सव्वादोन महिन्यांत पुऱ्या केल्या. रोज सकाळी उजेड चांगला असेतो अर्धा तास, त्याहून अधिक नाही. त्यांचे वय ऐंशीच्या घरात. हाताला कंप सुरू झाला होता. दोन श्वासांच्या मधल्या स्थिर क्षणी ते रेघ ओढीत. शेवटची रेघ ओढून त्यांनी पेन पुसली, पेटीत ठेवली आणि म्हणाले, “आता ही माझ्याच्याने पुन्हा उघडणार नाही.”

मंडळाचे दिवाळी संमेलन आठ दिवसांवर आले होते. डबा त्या दिवशी टेबलावर हवाच, अशी आम्हांस घाई झाली. रेघांवर संरक्षक वॉर्निश द्यावे लागते; पण त्याआधी त्या पंधरा दिवस तरी वाळू द्याव्यात, हे काकांनी बजावले होते. आम्ही पाचव्या दिवशी वॉर्निश दिले, तेही त्यांस न विचारता. बाहेर ईशान्य मोसमी पाऊस कोसळत होता. ह्या नगरीत दिवाळी पावसात येते, हे इतक्या वर्षांच्या वास्तव्यानंतर आम्हांस निराळे सांगावयास नको होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तो वॉर्निशवर दमट हवेचे पांढरे धुके बसलेले आणि त्याखाली ओल्या रेघा विरघळून शेवाळासारख्या पसरलेल्या. एक बाजू संपूर्ण गेली. दुसऱ्या बाजूवर अद्याप वॉर्निश दिले नव्हते, म्हणून ती वाचली.

काकांना सांगावयास कोणी धजेना. अखेर आम्ही सारेच गेलो. त्यांनी डबा खिडकीजवळ नेला, चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि विचारले, “निळा खाली शाबूत आहे का?” आम्ही होय म्हटले. खालचा निळा वेगळ्या जातीचा, टर्पेंटाइनला न विरघळणारा होता. “मग रडता कशाला? धुके उतरवा, रेघा पुसा आणि पुन्हा ओढा.” कोणी ओढावयाच्या, हे त्यांनी सांगितले नाही, आणि पेटी आमच्यापुढे सरकविली.

आम्हां प्रौढांपैकी एकाचाही हात चालला नाही. काचेवर साधलेली रेघ डब्यावर वाकडी होई. शेवटी पेन उचलली ती आमच्याच एका सभासदाच्या नातीने. ही मुलगी आठवीत आहे. घरात मराठी बोलते, परंतु देवनागरी वाचताना अडखळते, आणि तिच्या आजीस ह्याची मोठी खंत आहे. तिचा हात मात्र स्थिर होता. मार्गळी महिन्यात शेजारणीबरोबर पहाटे उठून दारापुढे कोलम घालण्याचा तिचा चार वर्षांचा नेम. चिमटीतून पीठ सोडीत लांब रेघ न थांबता कशी न्यावी, हे तिच्या खांद्यास ठाऊक होते. तिने पहिली बाजू तीनदा पुसली. चौथ्यांदा काकांनी “राहू दे” म्हटले. सव्वादोन महिन्यांचे काम तिने साडेतीन महिन्यांत केले आणि ह्या वेळी वॉर्निश दिले ते वीस दिवसांनी, कोरड्या हवेत, काका शेजारी बसलेले असताना.

त्या साडेतीन महिन्यांत आणखी एक गोष्ट घडली. काका तिला सूचना मराठीतच देत: “फट आवळ”, “पात टेकव”, “कड पुसून घे”. रंगांच्या मिश्रणाची प्रमाणे त्यांनी वहीत देवनागरीत लिहून ठेवली होती. ती वाचल्यावाचून तिचे काम पुढे जाईना, म्हणून ती वाचू लागली. मराठीच्या वर्गासाठी मंडळाने तीन वेळा पाट्या आणल्या आणि तीन वेळा वर्ग बंद पडला, हे येथे बसलेल्या सर्वांस ठाऊक आहे. आम्ही कोणास दोष देत नाही. आम्ही पाहिले ते एवढेच, की त्या वहीत तिला हवे असलेले काही होते.

तेव्हा, सज्जनहो, निळा डबा पाहताना एकदा टेबलाच्या पलीकडूनही पाहा. दाराकडची बाजू नातीची आहे, भिंतीकडची काकांची. काका समोर पहिल्या रांगेतच बसले आहेत. नातीच्या बाजूचा तिसऱ्या खिडकीखालचा कोपरा किंचित बसका आहे, असे त्यांचे आजही ठाम मत आहे. आणि ते बरोबर आहे.

कोणास ह्या छंदाची अधिक गोडी लागली, तर पुण्यास जाल तेव्हा कोथरूडातील भाऊसाहेब जोशी ह्यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय अवश्य पाहावे. १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांस खुले आहे. खरी डेक्कन क्वीन २०२२ च्या जूनपासून नव्या बनावटीच्या डब्यांनिशी धावते आहे. पेरांबूरनेही आपल्या जुन्या बनावटीचा अखेरचा डबा जानेवारी २०१८ मध्ये निरोप देऊन धाडला. गाड्या बदलतात, त्या बदलावयासच हव्यात.

शेवटी एक विनंती. १९३० च्या गाडीचे आणखी डबे आम्हांस करावयाचे आहेत. मंडळाच्या मागच्या खोलीत, खिडकीशी, दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही बसतो. खुर्च्या आठ आहेत, भरतात पाच. पेन एक आहे. दुसरी जुन्या बाजारात शोधतो आहोत. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर वडिलांची कंपासपेटी पडून असेल, तर ती उघडून पाहावी. आणि येताना पेटीबरोबर घरातले एखादे मूलही घेऊन यावे.