यादीबाहेरची वाडी



मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाच्या हुकमाची वाट न पाहता सरकारी कोठारे भुकेल्या रयतेला खुली केली ही कथा ज्या जिल्ह्यात लहानपणीच कानांवर पडते, ज्या शहराच्या उशाशी दुष्काळाच्या धास्तीने बांधलेला एकरुखचा तलाव शतक-दीड शतक उभा आहे, आणि ज्या घरांतील आजीआजोबांनी १९७२ साली रस्त्याच्या कडेला खडी फोडून व सुकडी खाऊन दिवस काढले, त्या सोलापुरात आपत्ती म्हणजे काय हे बाहेरून आलेल्या वक्त्याने समजावून सांगण्याची गरज नाही. तथापि येथे आपण ज्या आपत्तीशी परिचित आहोत ती पावसाच्या न येण्याची. आज पदवी घेणाऱ्या तुम्हा स्नातकांपैकी जे स्थापत्यशास्त्र, भूशास्त्र, समाजकार्य किंवा प्रशासन शिकून सरकारी अथवा निमसरकारी चाकरीत शिरतील, त्यांतील काहींची बदली केव्हा ना केव्हा सह्याद्रीच्या कड्याखाली, सातपुड्याच्या डोंगराळ पाड्यांत किंवा गडचिरोलीच्या अरण्यात होईल, आणि तेथे पाऊस आला की लोकांच्या छातीत धडकी भरते. त्या मुलुखात काम कसे करावे याविषयी आज चार शब्द बोलावेत असे मी योजले आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पोटाशी वसलेल्या ठाकर समाजाच्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. त्यामुळे मदतीला धावलेल्या जवानांना आणि स्वयंसेवकांना भर पावसात निसरडी पाऊलवाट चढून जावे लागले, यंत्रे पायथ्याशीच राहिली, आणि जे काही उपसले गेले ते कुदळ, फावडे आणि हातोहात पुढे सरकणाऱ्या घमेल्यांनी उपसले गेले. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता ठरवून चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे त्यानंतर सरकारकडून सांगण्यात आले. या खुलाशात लपवाछपवी होती असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच तो मला अधिक गंभीर वाटतो.

कारण आपले सारे दप्तर महसुली गावाभोवती रचलेले आहे. मोजणी गावाची, जमाबंदी गावाची, आणेवारी गावाची. रायगडात ज्याला वाडी म्हणतात, नंदुरबारात पाडा आणि गडचिरोलीत टोला, त्या वस्तीला या व्यवस्थेत पुष्कळदा स्वतःचे असे अस्तित्वच नसते, ती कुठल्यातरी गावाच्या नावाखाली एक आकडा होऊन राहते. ज्या अधिकाऱ्याने धोक्याची यादी केली त्याने ती प्रामाणिकपणेच केली असेल. पण ज्या कागदावरून ती केली तो कागदच डोंगरावर चढलेला नव्हता.

बरे, सरकारचे लक्ष गेले म्हणजे सारे साधते, असेही नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले. नित्याप्रमाणे एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला जेथे गाव असायचे तेथे गाव दिसले नाही, आणि त्याच्यामुळे बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली. १५१ माणसे मृत्यू पावली. उतारावर पायऱ्या पाडून केलेल्या पडकईच्या जमिनी यंत्राने सपाट केल्याला कोणी दोष दिला, कोणी उताराच्या मातीला, कोणी त्या आठवड्यातल्या मुसळधार पावसाला. त्यानंतर आमडे येथे नवे माळीण उभे राहिले. पक्की घरे, शाळा, रस्ते, पाणी, सारे काही यथासांग झाले आणि एप्रिल २०१७ मध्ये समारंभाने ते लोकांच्या स्वाधीन करण्यात आले. जून संपण्यापूर्वीच पहिल्या मोठ्या पावसाने तेथील भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या, आणि एकदा डोंगराखालून वाचलेल्या माणसांनी पुन्हा रात्र जागून काढली. घरे टिकली, हे नमूद केले पाहिजे. परंतु उतारावरचे पाणी कोणत्या वाटेने वाहते हा प्रश्न अंदाजपत्रकात ज्या आस्थेने विचारला जावयास हवा होता त्या आस्थेने विचारला गेला नाही, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

हे पाणीही आता पूर्वीचे राहिलेले नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर पडणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढल्याचे दाखवण्यात आले. मोरीचा व्यास आणि पुलाची उंची ठरवताना स्थापत्य अभियंता मागल्या पावसाच्या नोंदी पाहतो आणि पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर गृहीत धरतो. तो पूर जर दर काही वर्षांनी येऊ लागला, तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील सारणी बरोबर असूनही तुमचा पूल वाहून जाईल. भामरागडची पर्लकोटा नदी पावसाळ्यात पुलावरून वाहू लागली की तालुक्याचे ठिकाण जगापासून तुटते, आणि पलीकडच्या टोल्यांत अडलेल्या बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून आणण्याखेरीज गत्यंतर राहत नाही.

आता एक अप्रिय गोष्ट सांगतो, आणि ती याच शहरातली आहे. इंग्रजी अमदानीतल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्या पारधी, कैकाडी आदी जमातींच्या माणसांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवले होते. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. तेथे घरे होती, शाळा होती, गिरण्यांतले काम होते, हजेरीची वेळ ठरलेली होती. नियोजन म्हणून पाहिले तर व्यवस्था चोख होती. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. आजच्या कोणा अभियंत्याची तुलना मी त्या काळच्या साहेबाशी करीत नाही. परंतु ज्यांच्यासाठी योजना करावयाची त्यांना विचारण्याचे कारण नाही ही समजूत कायद्याबरोबर रद्द झाली, असे मला खात्रीने म्हणता येत नाही.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा आपल्याच वाहतूक परवान्यावर आपला बांबू विकू लागली. त्या गावाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. विषय कोणताही असो, आधी अभ्यासगट बसतो. त्यात बाहेरचा जाणकार येतो, माहिती देतो, वाद घालतो. निर्णय मात्र ग्रामसभेत गावकरीच घेतात, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. यास वेळ लागतो, ही तक्रार मी अनेक अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. लागू द्या! नव्या माळीणचा भराव वेळेत पूर्ण झाला होता.

मित्रहो, असे लोकांना विचारून काम करण्यासाठी नवा कायदा नको आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमातील दुसऱ्या पोटकलमान्वये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, तळे, पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी, विजेच्या व दूरसंचाराच्या तारा, रस्ता, समाजमंदिर अशा १३ कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरहून कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवरून उपवनसंरक्षकाच्या पातळीवर मिळू शकते; दिल्लीला खलिता धाडावा लागत नाही. अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा (पंचायत विस्तार) कायद्याचे आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांचे बळ आहे. त्यांनुसार एखाद्या पाड्याला ठराव करून स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करवून घेता येते, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीकडे जातो. मात्र रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. इर्शाळवाडीला पेसाचा मार्ग मोकळा नव्हता. वनहक्काचा मात्र होता, कारण तो कायदा अनुसूचित क्षेत्राची हद्द पाहत नाही. पाडा कोणत्या यादीत आहे आणि कोणत्या यादीत नाही, हे रुजू होण्याच्या पहिल्याच आठवड्यात तपासून पाहा.

आणि पाहणीला मार्चअखेरीस जाऊ नका. आर्थिक वर्ष संपताना निधी खर्ची टाकण्याची घाई असते, तेव्हा ओढे कोरडे असतात, वाटा मोकळ्या असतात, आणि जीपगाडी जेथवर पोचते तेथवर सर्व काही ठीक दिसते. श्रावणात जा, शेवटचे चार मैल पायी जा, आणि ग्रामसभा कचेरीच्या वेळेत न भरवता माणसे शेतावरून परतल्यावर भरवा. इतिवृत्त मराठीत लिहिले असेल तर अंगठे उमटवून घेण्यापूर्वी ते माडिया किंवा भिली बोलणाऱ्या त्यांच्यातल्याच कोणाकडून मोठ्याने सांगवून घ्या. लोक आधी रस्ताच मागतील असे गृहीत धरू नका. डोंगर कापून केलेला रस्ता दरडीलाही वाट करून देतो हे त्यांनी पाहिलेले असते. एखादी वाडी म्हणेल की आधी भ्रमणध्वनीचा मनोरा द्या, रात्री हाक तरी पोचेल. दुसरी म्हणेल की जागा बदलायला आमची हरकत नाही, पण नवे गावठाण शेतापासून दोन तासांच्या वाटेवर नको. त्या दुसऱ्या वाडीसाठी भूशास्त्रज्ञाला सोबत घेऊन, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दाखवलेल्या तीन-चार जागा उतारासह मोजून द्याव्या लागतील, आणि त्यांतली कोणती घ्यायची हे त्यांच्या ग्रामसभेत ठरेपर्यंत निविदा काढता येणार नाही.